आज कुठला देश?

उन्हाळ्यात आई आम्हाला हात लावायची नाही.

ती लालबागला एका मिरची कांडपात कामाला होती. कांडप म्हणजे मसाला कुटायची गिरणी. होळी जवळ आली की गिऱ्हाइकांची रीघ लागायची, ती थेट पावसापर्यंत. दिवसभर आई मिरच्यांची देठं काढायची, कढईत भाजायची, यंत्राच्या उखळात लोटायची, चाळायची. संध्याकाळी घरी आली की हातांची नुसती आग. साबणाने धू, खोबरेल चोळ, ताकात बुडव, काही कर, मिरची हातातून जायची नाही. एकदा चुकून तिने धाकट्या भावाचं नाक पुसलं, तर पोरगं संध्याकाळभर किंचाळत होतं. तेव्हापासून माझ्या वेण्या शेजारच्या काकी घालायच्या, भावाला आंघोळ मी घालायचे, आणि आई खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून आमच्याकडे नुसती बघायची.

पाऊस लागला की कांडप बंद. दमट हवेत मसाल्याला बुरशी धरते, कोण कुटून घेणार? मग घरात पैशाची ओढ, एक वेळ पेजेवर. पण त्या महिन्यांत आई हात लावायची. तोंडावरून हात फिरवायची, केसातून फिरवायची, झोपलेलो असलो तरी फिरवायची. आमच्याकडे उपास आणि लाड एकदमच यायचे.

बाबा इमारतींना बाहेरून रंग द्यायचे. मी दहावीला असताना ते परांचीवरून पडले. कंबर गेली, ते खाटेलाच लागले. आजोबा कापड गिरणीत होते, गिरणी गेली तशी त्यांचीही गोष्ट संपली. घरात कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. मी दहावी पास झाले, पेढे वाटले, आणि त्याच आठवड्यात आईने कांडपाच्या मालकाशी बोलून ठेवलं : पोरगी मिरची तोलायला, वजनाला बसेल. कुणी मला मारलं नाही, कोंडलं नाही. आईकडे दुसरा रस्ताच नव्हता. तिचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

मैत्रिणीला प्रवेश घ्यायचा होता म्हणून मी तिच्यासोबत परळच्या एका ज्युनियर कॉलेजात गेले. प्रवेश ऑनलाइन, पण विषय कॉलेजच्या खिडकीवर निवडायचे. खिडकीपाशी एक लहानखुऱ्या बाई उभ्या होत्या. सुती साडी, पायात बूट, खांद्याला पिशवी, हातात मिटलेली छत्री. येणाऱ्या प्रत्येकाला त्या अडवत होत्या, अगदी दादरच्या फुटपाथवर गाऊन विकणाऱ्या बायका अडवतात तशा.

"आर्ट्स ना? भूगोल घे. प्रॅक्टिकल असतं. मार्क मिळतात."

एका मुलाचे वडील वैतागले. "भूगोल घेऊन काय करणार हा? रिक्षा चालवणार?"

"चालवेल की," बाई म्हणाल्या. "निदान रस्ता तरी चुकणार नाही."

रांगेत हशा पिकला. वडील हसले, पण मुलाला त्यांनी मानसशास्त्र घ्यायला लावलं.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "तू गं?"

"मी नाही घेत प्रवेश. आई पाठवणार नाही."

"कुठली तू?"

"लालबागची."

"त्याच्या आधी?"

मला कळेना. "आधी म्हणजे? गाव कुडाळकडे."

"त्याच्याही आधी?"

मी मैत्रिणीकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "बघ, माहीत नाही. हे सगळं भूगोलात येतं. नाव सांग. पत्ता सांग."

या साळवे मॅडम. "त्याच्या आधी?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. वर्गात कुणी चहाचा थर्मास आणला तरी सुटका नसायची. चहा आला कुठून? टपरीवरून. त्याच्या आधी? आणि मग टपरी, पुडा, गोदाम, ट्रक करत करत आसामच्या मळ्यापर्यंत नेऊन सोडायच्या. तोपर्यंत चहा गार.

दुसऱ्या दिवशी त्या खरंच घरी आल्या. त्या वर्षी पाऊस लांबला होता आणि कांडपात शेवटची झुंबड होती. आई नुकतीच आलेली, तिच्या साडीतून, केसांतून मिरची उडत होती. खाली गल्लीतली यंत्रंही धाडधाड चालूच. आम्हाला सवय होती. मॅडम उंबरठ्याच्या आत आल्या, "नमस्कार, मी साळवे," म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी सुरू झालं.

"तुमची मुलगी," त्या म्हणाल्या, आणि ठसका लागला. "हुशार आहे हो," आणि पदर डोळ्यांना. "तिला," परत ठसका, "शिकवा हो."

आई उभीच राहिली. तिच्या आयुष्यात आमच्यापैकी कुणासाठी परका माणूस रडला नव्हता. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "मॅडम, रडू नका हो. पाठवते मी. नक्की पाठवते."

बाबा खाटेवरून म्हणाले, "मालकाला काय सांगणार?"

"सांगेन काय ते."

मी मॅडमना जिन्याखालपर्यंत सोडायला गेले. खाली मोकळ्या हवेत त्यांनी नाक शिंकरलं, डोळ्यांवर पाणी मारलं. "परब, तुम्ही लोक श्वास कसे घेता गं त्या खोलीत?" मग जरा थांबून म्हणाल्या, "तुझ्या आईला सांगू नकोस हां."

आणि आणखी एक गोष्ट सांगितली. साखरेत घोळवून बोलायची त्यांना सवयच नव्हती. "तुझ्यासाठीच आले असं समजू नकोस. मला पोरं लागतात. वर्ग भरला नाही तर विषय बंद, विषय बंद तर मी बंद."

कॉलेजात त्या तासांवर होत्या. शिकवले तितके तास, तितका पगार. सुट्टीत काही नाही. कितीतरी वर्षं "पुढच्या वर्षी परमनंट करू" यावर काढलेली. दर जूनला खिडकीपाशी उभं राहून आपला वर्ग आपणच गोळा करायचा, तेव्हा वर्षभराची नोकरी. स्टाफरूममध्ये त्यांना कपाटसुद्धा नव्हतं. कॉलेजचे नकाशे घुशींनी खाल्ले होते, म्हणून त्यांनी स्वतःचे घेतलेले. ते ठेवायला जागा नाही, म्हणून ज्या दिवशी जो नकाशा लागेल तो त्या नायगावच्या चाळीतून खांद्यावर घेऊन चालत यायच्या. भिंतीवर टांगायचा मोठा नकाशा, गुंडाळून, वर जुन्या साडीचं फडकं बांधून. बाई लहान, नकाशा लांब. लांबून वाटायचं, कुणीतरी शिडी घेऊन येतंय.

नाक्यावरचा केळेवाला रोज विचारायचा, "काय मॅडम, आज कुठला देश?"

"आज ब्राझील."

"लांब आहे का?"

"खूप. पण केळी आहेत तिकडे."

"मग जाता कशाला? इथंच घ्या ना."

हळूहळू अख्खा नाका विचारायला लागला. इस्त्रीवाला, चावीवाला, पोलीस चौकीतले हवालदार. आज कुठला देश? आज जपान. आज आफ्रिका, सगळा खंड, म्हणून खांदा दुखतोय. मॅडमचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता, मोकळ्या असल्या तरी तसाच राहायचा. मी हे घरी आईला सांगितलं तेव्हा तिला फार आवडलं. मी कॉलेजातून आले की मिरचीचे हात मागे धरून तीही विचारायची, "काय गो, आज खंयचो देश?"

सहलीला पैसे नसायचे. मॅडमची सहल म्हणजे परळच्या रस्त्यांवरून चालणं. बाटलीतलं पाणी फुटपाथवर ओतायचं आणि ते कुठे जातं त्याच्या मागे जायचं. आम्ही साताठ पोरी आणि दोन पोरं, माना खाली घालून पाण्यामागे. पानाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "ओ मॅडम, काय हरवलं?"

"उतार हरवलाय. सापडला की सांगते."

आणि सापडायचा. ज्या रस्त्याला आम्ही जन्मभर सपाट समजलो तो सपाट नव्हता. हिंदमातापाशी दरवर्षी पाणी का भरतं, ते पायाला कळलं. परळ पूर्वी वेगळं बेट होतं, मधल्या खोलगट जागा माणसांनी भरून काढल्या, पाणी मात्र आपली जुनी जागा विसरलं नाही. "भराव घातला म्हणजे खड्डा गेला असं नाही," त्या म्हणायच्या. आम्हाला वाटायचं, जमिनीबद्दलच बोलतायत.

समोच्च रेषा शिकवल्या त्या मुठीवर. मूठ वळायची, बोटांच्या उंचवट्यांवर पेनाने एकात एक गोल काढायचे, मग हात सपाट करायचा. डोंगर कागदावर येतो तो असा. सगळा वर्ग निळ्या हातांनी घरी गेला. काकींनी विचारलं, "मेंदी का गं ही?" मी म्हटलं, "सह्याद्री."

बारावीला जर्नलमध्ये एक नकाशा स्वतः करायचा होता. कुणी रेल्वे केली, कुणी गहू-तांदूळ. मॅडमनी माझ्या वहीचा वास घेतला. माझ्या वह्यांना मिरचीचा वास यायचा, शाळेत त्यावरून बाकावर कुणी शेजारी बसायचं नाही. मला वाटलं, आता ओरडतील. त्या म्हणाल्या, "तू मसाला कर. तुझ्या आईच्या उखळात काय काय पडतं, आणि ते आलं कुठून."

मी आईला विचारून यादी केली. बेडगी, संकेश्वरी, गुंटूर. आई म्हणाली, "ह्या मिरचीच्या जाती गो. बेडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, गुंटूर तिखटाला." नकाशा काढून मी तिच्यापुढे धरला. तिने हात लावला नाही, डाग पडेल म्हणून. लांबूनच बघत राहिली.

"हे काय लिहिलंय?"

"ब्याडगी. गाव आहे, कर्नाटकात. हे संकेश्वर. हे गुंटूर, आंध्रात."

"बेडगी गाव आहे?"

"हो."

"तिथे माणसं राहतात?"

"राहतात ना."

आईने मान पुढे काढून तो ठिपका बघितला. मग हसली. "म्हणजे इतकी वर्षं मी गावंच कुटत होते म्हणायचं."

मॅडमना हे सांगितलं तर त्यांना हसू आवरेना. स्टाफरूममध्ये जाऊन सगळ्यांना सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी भारताचा मोठा नकाशा आणला तेव्हा वर्गापुढे म्हणाल्या, "परबच्या आईला बघायला घेऊन जा हा. हात लावू दे खुशाल. डाग पडला तर पडला." आईने तो रात्रभर भिंतीवर टांगून घेतला. बाबा खाटेवरून एकेक शहर वाचत होते. डाग पडला नाही. आई हात लावायला धजलीच नाही.

हे सगळं चालू असताना मॅडमचं काय चाललं होतं, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही बारावीत गेलो त्या जूनलाही त्या खिडकीपाशी उभ्या होत्या. मी स्वतः पाहिलं. छत्री हातात, प्रत्येकाला अडवत होत्या. "प्रॅक्टिकल असतं. मार्क मिळतात." पोरं आयटी घेत होती, मानसशास्त्र घेत होती. काहीजण तर त्यांना वळसा घालून जात होते. त्यांनी काळाचौकीत, शिवडीत घरं पालथी घातली. पुरेशी पोरं जमली नाहीत. अकरावीचा भूगोल बंद झाला. आमची बारावी संपेपर्यंत त्यांचे तास, पुढे नाही.

त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. वर्षभर एकही तास बुडवला नाही. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक माझं जर्नल चाळता चाळता म्हणाले, "छान आहे. शेवटची बॅच ना तुमची?" मी मॅडमकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. परीक्षा झाल्यावर भिंतीवरचा नकाशा त्यांनी उतरवला, जमिनीवर पसरला आणि गुंडाळायला बसल्या. आम्ही मदतीला वाकलो तर म्हणाल्या, "थांबा गं. मला करू दे." फडक्याला गाठ मारली, खांद्यावर घेतला. नाक्यावर केळेवाल्याने नेहमीसारखं विचारलं. त्या म्हणाल्या, "आज सगळेच संपले." तो हसला. त्याला वाटलं, रोजच्यासारखाच विनोद.

निकाल लागला, आमच्यात कुणी नापास नव्हतं. पण घरी परत तोच प्रश्न. बाबांचं दुखणं वाढलेलं, भावाची शाळा, आणि ज्या कॉलेजात पदवीला भूगोल होता ते लांब. मालकाने आईला पुन्हा विचारलं होतं, पाऊस संपला की पोरगी येईल ना वजनाला? आई "बघते" म्हणाली होती. हे मी मॅडमना फोनवर सांगितलं. त्या फक्त "बरं" म्हणाल्या.

पुढचं आधी सांगून टाकते. बी.ए.चा निकाल लागला त्या दुपारी मी पहिला फोन मॅडमना केला. त्यांच्या मुलीने उचलला. म्हणाली, आई दिवाळीनंतर गेली, दोन दिवसांचं दुखणं झालं. मी कोण ते तिने विचारलं. परब म्हटल्यावर म्हणाली, "मसाल्यावाली का? आई सांगायची." नकाशांचं काय झालं, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. विचारलं नाही.

म्हणून माझ्याकडे शेवटच्या मॅडम आहेत त्या बारावीनंतरच्या जुलैमधल्या. संध्याकाळ होती, पाऊस लागून राहिला होता. कांडपाला कुलूप, गल्लीतली यंत्रं गप्प, हवेत ओल्या भिंतींचा वास. आई भावाच्या डोक्याला तेल लावत बसली होती. दारात छत्री मिटल्याचा आवाज आला. मॅडम.

आत आल्या, बाबांना नमस्कार केला, बसल्या. या वेळी ठसका नाही, काही नाही. सरळ आईला म्हणाल्या, "हिला बी.ए. करू द्या. भूगोल घेऊन."

मी बघत राहिले. दोन वर्षांपूर्वी आल्या होत्या तेव्हा त्यांना वर्ग भरायचा होता, त्यांनी मला तसं सांगितलंही होतं. आता त्यांना वर्ग नव्हता. मी शिकले काय, मिरची तोलली काय, त्यांच्या पदरात काही पडणार नव्हतं. पायातले बूट चिंब भिजलेले होते.

आई म्हणाली, "मॅडम, मागे तुम्ही रडलात, मी पाठवली. आता परत तुम्ही इतक्या पावसात आलात. मी काय नाही म्हणणार?" तिला वातावरण हलकं करायचं होतं. मॅडमच्या विषयाचं काय झालं, हे मी तिला सांगितलं नव्हतं. तिने मॅडमच्या रिकाम्या खांद्याकडे पाहिलं आणि कौतुकाने विचारलं, "आणि काय मॅडम? आज कुठला देश?"

मॅडमनी तोंड उघडलं. त्यांच्याकडे या प्रश्नाला कधीच उत्तराचा तोटा नसायचा. त्यांचा खांदा तसाच कलता होता, वर काही नसताना. डोळे भरले, वाहायला लागले. त्यांनी घाईघाईने पदर लावला.

"मिरची हो," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे आलं की असंच होतं मला."

घरात मिरचीचा कण नव्हता. ते मला माहीत होतं, बाबांना माहीत होतं, आणि आईला तर सगळ्यांत जास्त माहीत होतं.

आई उठली. हाताला तेल होतं, ते पदराला पुसलं. मॅडमच्या समोर जाऊन बसली आणि दोन्ही हातांनी त्यांचं तोंड पुसलं. गाल, डोळे, कपाळ. आम्हाला पुसायची तसंच. सावकाश.

"असंच होतं हो," आई म्हणाली. "आमच्या घरात मिरचीच फार."

जिना उतरून मॅडम गल्लीच्या तोंडाशी गेल्या. तिथे गुडघ्याच्या जरा खालपर्यंत पाणी होतं. क्षणभर थांबल्या, उतार कुठला ते बघितलं, आणि उंच बाजू धरून गेल्या.

त्या ऑगस्टमध्ये मी प्रवेश घेतला. भूगोल घेऊन बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पदवी मिळवणारी मी पहिली.